हृदयातलं छिद्र : कधी थांबायचं, कधी धावायचं



चेन्नईत अण्णा सालैवरून जाताना एक जुना फ्लायओव्हर लागतो. कागदोपत्री त्याचं नाव अण्णा फ्लायओव्हर, पण रिक्षावाल्याला 'जेमिनी' म्हटलं की पुरतं. हे नाव तिथल्या जेमिनी स्टुडिओवरून पडलं. एस. एस. वासन यांचा तो स्टुडिओ आता नाही, त्या जागी मोठं हॉटेल आहे. १९५४ साली पडद्यावर आलेल्या 'बहुत दिन हुए' या वासन यांच्या हिंदी चित्रपटाच्या शूटिंगसाठी मधुबाला मद्रासला आली होती. त्या मुक्कामात तिला रक्ताची उलटी झाली. वय जेमतेम विशीचं. तिच्या हृदयात जन्मापासूनच छिद्र असल्याचं या आजारपणातून जगासमोर आलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला ते छिद्र होतं.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट ऐका. २६ मार्च १९५४ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी साधारण वर्षाच्या एका बाळाच्या हृदयातलं अगदी याच जागेचं छिद्र टाके घालून बंद केलं. त्यासाठी हृदय उघडायला हवं होतं, आणि ते उघडलं असताना शरीराला रक्त पुरवायला काहीतरी हवं होतं. म्हणून बाळाच्या शेजारच्या टेबलावर त्याच्या वडिलांना झोपवलं आणि नळ्यांनी दोघांचं रक्ताभिसरण जोडलं. ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ बापाचं हृदय आणि बापाची फुफ्फुसं दोघांसाठी काम करत होती. ऑपरेशन यशस्वी झालं, पण पुढे न्यूमोनिया होऊन ते बाळ अकराव्या दिवशी गेलं. तरी डॉक्टर थांबले नाहीत. या पद्धतीने पंचेचाळीस ऑपरेशनं झाली आणि अठ्ठावीस मुलं वाचून घरी गेली. हार्ट-लंग मशीन सगळीकडे पोचल्यावर आईवडिलांना टेबलावर झोपवायची गरज उरली नाही.

मधुबाला १९६० मध्ये उपचारासाठी लंडनला गेली. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ला ती गेली, तेव्हा नुकतीच छत्तीस वर्षांची झाली होती. तिच्या बहिणीने नंतर आठवणी सांगितल्या, त्यांत फुफ्फुसांतला वाढलेला दाब आहे, शरीरात जास्तीचं रक्त तयार होणं आहे आणि ते डॉक्टरांनी काढून टाकणंही आहे. हे सगळं ऐकलं की या आजाराची माहिती असणाऱ्याला एकच शब्द आठवतो : उशीर.

आज मधुबालासारखं छिद्र घेऊन जन्मलेलं बाळ चेन्नईत, मुंबईत किंवा पुण्यात वेळेवर हॉस्पिटलात पोचलं, तर ते शाळेत जातं, पळतं, भांडतं आणि म्हातारं होतं. म्हणून आज आपण या वेळेबद्दल बोलणार आहोत. काही छिद्रांसाठी निवांत थांबायचं असतं. काहींसाठी सहा महिनेसुद्धा जास्त होतात. आपल्या बाळाचं छिद्र कोणत्या गटातलं आहे, हे कळणं महत्त्वाचं.

आधी घाबरू नका. जन्मतः हृदयात काही ना काही दोष असणं हे दुर्मीळ नाही. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळांना तो असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून जास्त बाळं जन्मतात, असा अंदाज आहे. या दोषांमध्ये सर्वांत जास्त आढळतात ती छिद्रंच. तमिळमध्ये याला सरळ 'इदयत्तिल ओट्टै' म्हणतात. ओट्टै म्हणजे भोक. चेन्नईत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनी हा शब्द ओळखीचा करून ठेवावा, कारण ओपीडीतली नर्स तोच वापरते.

हृदयाला चार कप्पे असतात, वर दोन आणि खाली दोन. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवते. डावी बाजू शुद्ध झालेलं रक्त सगळ्या शरीराला पाठवते. दोन्हींच्या मध्ये पडदा असतो. वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र असलं की रिपोर्टवर 'एएसडी' लिहितात, खालच्या कप्प्यांमध्ये असलं की 'व्हीएसडी'. तिसरं एक नाव दिसतं ते 'पीडीए'. ते पडद्यातलं छिद्र नव्हे. बाळ पोटात असताना दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक नळी असते, ती जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी. ती उघडीच राहिली तर पीडीए. घरी मात्र तिन्हींना 'छिद्र' असंच म्हटलं जातं आणि त्याने फारसं बिघडत नाही.

डाव्या बाजूला सगळ्या शरीरापर्यंत रक्त ढकलायचं असतं, म्हणून तिथला दाब जास्त असतो. उजव्या बाजूला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच पोचायचं असतं, तिथला दाब कमी. मग मध्ये भोक असेल तर काय होणार? शुद्ध झालेलं रक्त डावीकडून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. फुफ्फुसात गरजेपेक्षा दुप्पट-तिप्पट रक्त येऊ लागतं. बाळ धापा टाकतं, कारण फुफ्फुसं जड झालेली असतात. हृदय दमतं, कारण तेच रक्त ते पुन्हा पुन्हा फिरवत असतं.

हे लवकर थांबलं तर सगळं पूर्ववत होऊ शकतं. वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर फुफ्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्या त्या दाबाने जाड आणि कडक होत जातात. एक दिवस तिथला दाब इतका वाढतो की रक्ताची दिशाच उलटते. अशुद्ध रक्त उजवीकडून डावीकडे यायला लागतं आणि ओठ, नखं निळी पडतात. ऑस्ट्रियातल्या व्हिक्टर आयझेनमेंगर या डॉक्टरांनी १८९७ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं, म्हणून या अवस्थेला त्यांचं नाव आहे. इथे पोचल्यावर छिद्र बंद करता येत नाही. बंद केलं तर रुग्ण दगावू शकतो, कारण त्या कडक फुफ्फुसांसमोर उजव्या बाजूला दाब कमी करायला तेवढीच एक वाट उरलेली असते. ज्या ऑपरेशनने बाळपणी आयुष्य वाचलं असतं, तेच आता करता येत नाही. मोठ्या व्हीएसडीत फुफ्फुसांचं हे नुकसान वर्ष-दोन वर्षांच्या आतही पक्कं होऊ लागतं. एएसडीत मात्र बहुधा कित्येक वर्षं जातात.

आता घरात काय दिसतं, ते बघू. इथे आजींची मदत लागणार आहे, कारण बाळाकडे सगळ्यांत जास्त वेळ बघणारी व्यक्ती तीच असते.

पुष्कळ आईवडील म्हणतात, "डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी तपासलं होतं, सगळं ठीक म्हणाले होते." ते खरंही असतं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे बाळाच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, त्यामुळे तिथलाही दाब जास्त असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा, म्हणून छिद्र मोठं असलं तरी त्यातून फारसं रक्त जात नाही आणि स्टेथोस्कोपला आवाजही येत नाही. वाहिन्या सैल होत जातात तसा प्रवाह वाढतो. त्यामुळे मोठ्या व्हीएसडीची लक्षणं बहुधा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतात. म्हणजे बाळंतीण माहेरी असताना, पाहुण्यांची वर्दळ चालू असताना, बारशाची तयारी चालू असताना.

पहिली खूण दूध पिण्यात दिसते. निरोगी बाळ तुटून पडतं. हे बाळ दोन-चार घोट घेतं, स्तन सोडतं, धापा टाकतं, परत घेतं आणि पोट भरायच्या आत थकून झोपून जातं. अर्ध्या तासाने भुकेने रडत उठतं. घरात निष्कर्ष निघतो की आईला दूध कमी आहे किंवा बाळ आळशी आहे. मग वरचं दूध चालू होतं, आणि मूळ गोष्ट आणखी महिनाभर मागे पडते.

दुसरी खूण घामाची. तुम्ही म्हणाल, चेन्नईत घाम कुणाला येत नाही? खरं आहे, मे महिन्यात इथे भिंतींनाही घाम फुटतो. म्हणून फरक बारकाईने पाहावा लागतो. पंखा चालू आहे, अंगावर पातळ झबलं आहे, इतर वेळी बाळ कोरडं आहे, आणि दूध प्यायला घेतलं की कपाळावर आणि डोक्यावर घामाचे थेंब जमतात, असं रोज होत असेल तर डॉक्टरांना सांगा. बाळासाठी दूध ओढणं हा व्यायामच असतो. कमजोर हृदयाला तो झेपत नाही.

तिसरी गोष्ट श्वास. न्हाऊ घालताना बाळ उघडं असतं, तेव्हा छातीकडे बघा. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जाते का? बाळ शांत झोपलेलं असताना मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाचं बाळ पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल, तर तो वेगाचा श्वास आहे. त्याच मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर बाळं हमखास शहाण्यासारखी वागतात.

आणि वजन. बाळाचं जन्माचं वजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट व्हायला हवं. लसीकरणाच्या कार्डावर वाढीचा आलेख असतो. पुष्कळ घरांत तो कोराच राहतो. रेघ वर चढायच्या ऐवजी आडवी जात असेल, आणि सोबत वर्षात दोन-तीनदा न्यूमोनियासाठी ॲडमिट करावं लागलं असेल, तर प्रत्येक वेळी फक्त अँटिबायोटिक घेऊन परत येऊ नका. "हृदय एकदा तपासायला हवं का?" हा प्रश्न तोंडाने विचारा. चेन्नईत विचारायचा असेल तर "मूच्चु वाङ्गुदु", म्हणजे धाप लागते, एवढं सांगितलं तरी पुढचं बोलणं सुरू होईल.

निळेपणाबद्दल थोडं वेगळं. साध्या छिद्रात बाळ सुरुवातीला निळं पडत नाही, म्हणून "निळं नाही ना, मग हृदयाचं काही नाही" हा समज चुकीचा आहे. निळं पडणाऱ्या बाळांमध्ये बहुतेक वेळा छिद्राच्या जोडीला आणखी दोष असतात. फॅलोची टेट्रालॉजी हा त्यातला नेहमी दिसणारा प्रकार. सावळ्या बाळात निळेपणा कातडीवर कळत नाही. तो जीभ आणि हिरड्यांवर बघायचा. नुसते हातपाय निळसर दिसणं हे नवजात बाळांत थंडीनेही होतं. पण रडता रडता जीभ-ओठ गडद निळे झाले, बाळ जोरजोरात श्वास घेऊन मलूल पडू लागलं, तर त्याचे गुडघे पोटाशी-छातीशी दुमडून जवळ धरा, शांत करा आणि लगेच १०८ला फोन करा. त्या रात्री घरगुती उपाय नकोत.

एएसडीची तऱ्हा निराळी. ते गुपचूप असतं. मूल धडधाकट दिसतं, फार तर खेळताना इतरांपेक्षा आधी दमतं. कित्येक बायकांना तिशी-चाळिशीत, कधी गरोदरपणात धाप लागल्यावर पहिल्यांदा कळतं. म्हणूनच शाळेतल्या तपासणीला महत्त्व आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येतं. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे आणि पुढच्या उपचारांचीही सोय त्यात आहे. पथकाने दिलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरात चुरगळून पडलेली असते, कधीकधी दिवाळीपर्यंत. दप्तर तपासा.

काही मोठ्या हॉस्पिटलांत जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला छोटा क्लिप लावून ऑक्सिजन मोजतात. चाचणी चांगली आहे, दुखत नाही, जरूर करून घ्या. मात्र तिने ऑक्सिजन कमी करणारे गंभीर दोष सापडतात. साध्या एएसडी-व्हीएसडीत ऑक्सिजन ठीकच असतो, त्यामुळे ९८ टक्के आकडा पाहून हृदयाची फाइल बंद करू नका.

पक्कं निदान टू-डी इकोने होतं. गरोदरपणातल्या सोनोग्राफीसारखीच ही तपासणी असते. जेली लावतात, छातीवर प्रोब फिरवतात, सुई नाही की दुखणं नाही. लहान मुलांचा इको शक्यतो मुलांच्या हृदयाचे डॉक्टर जिथे असतील तिथे करावा. रिपोर्ट हातात आल्यावर गूगल उघडायच्या आधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा : छिद्र नेमकं कुठे आहे, किती मिलिमीटरचं आहे, हृदयाचे कप्पे मोठे झालेत का, आणि फुफ्फुसांतला दाब किती आहे. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, आणि तोच विचारायचा राहतो. मग पुढचा इको कधी, ते तारखेसह लिहून घ्या.

एक गंमत सांगते. छातीतला आवाज, ज्याला डॉक्टर 'मर्मर' म्हणतात, तो जितका मोठा तितकं छिद्र मोठं, असं पुष्कळांना वाटतं. उलटंही असतं. नळावर बोट ठेवून पाणी सोडलं की चिळकांडी उडते आणि आवाज होतो, पूर्ण उघडा नळ त्या मानाने शांत. खालच्या कप्प्यांमधलं छोटं भोक असंच गाजावाजा करतं. आणि कित्येक निरोगी मुलांच्या छातीतही साधा, निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो.

आता थांबायचं कधी?

आईच्या पोटात असताना आपल्या प्रत्येकाच्याच वरच्या पडद्यात एक झडपेसारखी वाट असते. बाळ पोटात श्वास घेत नाही, म्हणून निसर्गाने रक्तासाठी आडवाट ठेवलेली आहे. जन्मानंतर ती मिटते, पण साधारण चारांतल्या एका माणसात आयुष्यभर थोडीशी उघडी राहते. नवजात बाळाच्या रिपोर्टवर 'पीएफओ' लिहिलेलं दिसलं की घरात रडारड सुरू होते, ती बहुतेक वेळा विनाकारण असते. तीन-चार मिलिमीटरचं, म्हणजे मुगाच्या दाण्याएवढं एएसडी बरेचदा आपोआप बंद होतं. आठ मिलिमीटरच्या पुढचं, हरभऱ्याएवढं, सहसा होत नाही. खालच्या पडद्याच्या स्नायूच्या भागातली छोटी छिद्रंही पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांत मिटतात. अशा वेळी बाळ छान दूध पितंय, वजन वाढतंय, दाब नॉर्मल आहे, तर डॉक्टर "सहा महिन्यांनी या" म्हणतात. ते टाळत नसतात. तोच उपचार असतो, फक्त सहा महिन्यांनी खरोखर जायचं.

आणि इथेच मोबाइलवरच्या फॉरवर्डचा धंदा चालतो. 'हृदयाचं छिद्र बुजवणारा काढा', 'ऑपरेशनशिवाय तीन महिन्यांत'. जी छिद्रं आपोआप मिटणारच होती, ती काढा घेतानाही मिटतात आणि श्रेय काढ्याला जातं. जी मिटणारी नव्हती, त्यांचे ते तीन महिने वाया जातात. हृदयातलं छिद्र औषधाने बुजत नाही, ॲलोपॅथीच्याही नाही. लघवी वाढवणारी औषधं देतात ती फुफ्फुसातलं जास्तीचं पाणी कमी करून बाळाला आराम द्यायला आणि वजन वाढायला वेळ मिळवून द्यायला. ऑपरेशन व्हायचं तेव्हा होतंच. (मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची पीडीए नळी मात्र काही वेळा औषधाने मिटवता येते. तो भाग वेगळा आणि तो हॉस्पिटलातच होतो.)

मोठ्या व्हीएसडीचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. "एवढंसं बाळ, अजून थोडं मोठं होऊ दे, अंग धरू दे", असं म्हणणारे नातेवाईक चांगल्या मनानेच बोलत असतात. पण हे बाळ छिद्र असेपर्यंत अंग धरणारच नाही. ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उघडतात, हार्ट-लंग मशीन काही वेळ हृदयाचं काम करतं आणि छिद्रावर ठिगळ शिवतात, कधी बाळाच्याच हृदयाच्या आवरणाचं, कधी कृत्रिम कापडाचं. पुढे त्या ठिगळावर शरीर स्वतःचं अस्तर चढवतं. सगळं सुरळीत झालं तर आठवड्याभरात बाळ घरी येतं. हाड पक्कं व्हायला सहा आठवडे लागतात. त्या काळात बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. पहिल्या काही आठवड्यांत दूध पिण्याची तऱ्हा बदलते, आणि आया सांगतात की याला एवढी भूक होती हे आम्हाला माहीतच नव्हतं.

एएसडी योग्य जागी असेल आणि कडेला पकड घ्यायला पुरेसा पडदा असेल, तर छाती न उघडताही ते बंद करता येतं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून दोन चकत्यांचं एक जाळीदार बटण सोडतात. एक चकती पडद्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. ही तार निकेल-टायटॅनियमची असते. ती नळीत सरळ होते आणि बाहेर पडली की आपला मूळ आकार घेते. याला 'डिव्हाइस क्लोजर' म्हणतात. मूल साधारण तीन-चार वर्षांचं झालं की करतात, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. नंतर सहा महिने ॲस्पिरिनसारखी गोळी असते. पीडीएही बहुधा असंच बंद होतं. पण पडद्याच्या अगदी वरच्या किंवा खालच्या टोकाला असलेल्या एएसडीला बटण बसत नाही, तिथे ऑपरेशनच लागतं. शेजारच्या मुलाचं बटणाने झालं म्हणून आपल्याही मुलाचं होईल, असं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, त्यांचा इको जन्मल्यावर लगेच करायचा आणि ऑपरेशनही लवकर.

चेन्नईला या कामाचा जुना सराव आहे. पेरांबूरच्या रेल्वे हॉस्पिटलात १९७५ साली डॉ. के. एम. चेरियन यांनी भारतातली पहिली बायपास केली. पुढे त्यांनीच मोगप्पैरमध्ये मद्रास मेडिकल मिशनचं हृदयरोग केंद्र उभारलं आणि नंतर फ्रंटियर लाइफलाइन. मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी ही नावं घराघरांत पोचली. २०२५च्या जानेवारीत ते गेले. सरकारीत एग्मोरचं मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, आणि थोडं पुढे वेल्लोरचं सीएमसी, जिथे १९४९ पासून छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग चालू आहे. महाराष्ट्रात परळचं वाडिया आहे, खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य होतात.

पैशांबद्दल बोलायलाच हवं. सौकारपेठेत सोन्या-चांदीच्या गलाईचं काम करणारी खानापूर-आटपाडीकडची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत, आणि त्यांच्यापुढे नेहमी हाच पेच असतो : रेशनकार्ड गावाकडचं, बाळ चेन्नईत. तामिळनाडूच्या मुख्यमंत्री विमा योजनेला इथलं रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्रातल्या यादीवरच्या हॉस्पिटलांत चालते, तिथे 'आरोग्यमित्र' कागदपत्रांना मदत करतो. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या हॉस्पिटलातही चालतं. कुठलंही कर्ज काढायच्या आधी हॉस्पिटलच्या योजनेच्या काउंटरवर आणि समाजसेवा विभागात जाऊन विचारा. नियम बदलत असतात, तोंडी माहितीवर विसंबू नका.

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही बायकांच्या वाट्याला येणाऱ्या.

बाळाला छिद्र निघालं की पहिला प्रश्न आईला विचारतात, "ग्रहणात काही चिरलंस का? सुई हातात घेतली होतीस?" आता हिशोब करा. हृदयाचा पडदा गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यापर्यंत तयार होऊन जातो. पुष्कळ बायकांना तोवर दिवस राहिल्याची खात्रीही झालेली नसते. सातव्या महिन्यात ग्रहण पाळलं काय आणि न पाळलं काय, पडदा कधीच तयार झालेला असतो. बहुतेक छिद्रांचं एकच असं कारण सापडत नाही. काही कारणं माहीत आहेत : गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेला रुबेला, आईचा ताब्यात नसलेला मधुमेह, दारू, काही औषधं, गुणसूत्रांतले दोष, आणि जवळच्या नात्यातलं लग्न. नात्यात लग्न करण्याची रीत इथेही आहे आणि आपल्याकडेही. त्यावर घरात शांतपणे बोलता आलं पाहिजे. रुबेलाची लस तर फुकट आहे. तामिळनाडूत तिची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये, आणि आता ती नेहमीच्या लसीकरणात आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदय नीट दिसत नसेल किंवा पहिल्या मुलाला छिद्र असेल, तर पोटातल्या बाळाचाही इको करता येतो.

दुसरी गोष्ट ऐकून मला राग येतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, त्यांतल्या मुलग्यांपैकी ७० टक्के जणांचं ऑपरेशन झालं, मुलींपैकी फक्त ४४ टक्के जणींचं. छातीवर व्रण दिसेल, पुढे लग्न कसं होणार, ही काळजी पालकांच्या बोलण्यात होती. लग्नाचा विचार करायचाच असेल तर हेही लक्षात घ्या : छिद्र वेळेवर बंद झालेली मुलगी बहुतेक वेळा इतर कुणाहीसारखी आई होऊ शकते. आयझेनमेंगरपर्यंत पोचलेल्या मुलीसाठी गरोदरपण जिवावर बेतणारं असतं. व्रण ब्लाउजखाली झाकला जातो. आणि झाकला नाही तरी काय बिघडतं?

ऑपरेशन किंवा बटण झाल्यावर बहुतेक मुलं सहा महिन्यांत पूर्ण मोकळी होतात. खेळ, पोहणं, पीटी सगळं चालतं. शाळेत "हार्ट पेशंट" म्हणून कोपऱ्यात बसवू नये, यासाठी डॉक्टरांचं पत्र वर्गशिक्षकांना द्या. दात मात्र जपा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जाऊ शकतात, म्हणून रात्रीचं ब्रश चुकवायचं नाही, आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर आधी हृदयाबद्दल सांगायचं. छोटं छिद्र तसंच ठेवलेल्या मुलांनाही हे लागू आहे. सगळ्या लसी वेळेवर द्यायच्या. इकोचा प्रत्येक रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. बटण बसवलेलं असेल तर त्याचं नाव आणि माप लिहिलेलं छोटं कार्ड मिळतं, तेही. हे मूल पुढे पंचवीस वर्षांचं होऊन दुसऱ्याच गावातल्या डॉक्टरांसमोर बसेल, तेव्हा त्याला ते दाखवावं लागणार आहे.